सुट्या भागांतून शिल्पे: उद्यमनगरातील आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या वडिलांचे ऑइल इंजिन दुरुस्तीचे वर्कशॉप होते. नदीकाठच्या उसाला पाणी पाजणारी आणि गुऱ्हाळांचे चरक फिरवणारी ही इंजिने एके काळी याच परिसरात बनत आणि बिघडली की याच परिसरात येत. शेतापर्यंत वीज पोहोचली, तसा दुरुस्तीचा धंदा आटत गेला. मात्र कनेक्टिंग रॉड, रॉकर आर्म, टायमिंग गिअर, व्हॉल्व्ह अशा सुट्या भागांचा ढीग मागच्या शेडमध्ये तसाच राहिला. तो किलोच्या भावाने घालण्याऐवजी त्यातून शिल्पे घडवायची, असे ठरवून आम्ही आजच्या व्यवसायाला सुरुवात केली. चित्रकार, शिल्पकार आणि स्वतःचा सिनेकॅमेरा स्वतः बनवणारे बाबूराव पेंटर ज्या गावात होऊन गेले, त्या गावात लेथवरचा कारागीर आणि शिल्पकार यांना एका कामावर एकत्र आणणे अवघड गेले नाही.

या वाटेवर आमच्या आधी मोठी माणसे चालून गेली आहेत. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेल्या नेकचंद सैनी यांनी फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे आणि राडारोडा यांतून उभारलेले चंडीगडचे रॉक गार्डन १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याच्याही कितीतरी आधी, १९४२ मध्ये, पाब्लो पिकासो यांनी सायकलचे सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडून बैलाचे मस्तक घडवले होते. ते पाहताना बैल दिसतो आणि सायकलही दिसते. दोहोंपैकी एकही लपत नाही. आमच्या कामाचा नियम आम्ही तिथूनच घेतला. सुट्या भागाची मूळ ओळख पुसायची नाही, आकार जुळत नसेल तर त्याला कापून जुळवायचे नाही, जुळणारा दुसरा भाग शोधायचा. त्यामुळे एका शिल्पात वेल्डिंगपेक्षा निवडीलाच जास्त वेळ जातो.

आमचा खिल्लार बैल हे याचे उदाहरण. खिल्लारची शिंगे लांब, निमुळती आणि मागे झुकलेली असतात. तो बाक आम्हाला ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांमध्ये तयारच मिळाला. कानांसाठी रॉकर आर्म, डोळ्यांसाठी व्हॉल्व्हची गोल तोंडे आणि वशिंडासाठी मोठ्याकडून लहानाकडे रचत नेलेले गिअर वापरले. गळ्याखालची पोळी, म्हणजे लोंबती कातडी, मोटरसायकलच्या चेनची आहे. या चेन फक्त वरच्या कडेला वेल्डिंगच्या टाक्यांनी धरल्या आहेत आणि खाली मोकळ्या सोडल्या आहेत, त्यामुळे हात लावला की पोळी खरोखर हलते. जनावरे पाळणारा माणूस आधी तिथेच हात लावतो, हे आम्ही प्रत्येक प्रदर्शनात पाहिले आहे, आणि त्याचा आम्हाला मनापासून आनंद होतो.

जोडणीचे काम मात्र दिसते त्याहून कठीण आहे, कारण भंगारातला प्रत्येक धातू वेगळा असतो. पाटे आणि बेअरिंग यांच्या पोलादात कार्बन जास्त असल्याने ते आधी गॅसवर तापवून जोडावे लागतात आणि नंतर चुन्याच्या भुकटीत गाडून हळूहळू थंड करावे लागतात. नाहीतर जोडाशेजारी तडा जातो. बिडाच्या भागांना निकेलचा रॉड लागतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन पोलादाला वेल्ड होत नाही, तो बोल्टनेच बसवावा लागतो. चेन रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण कोरडी केल्याशिवाय घ्यायची नाही, कारण तेल राहिले तर जोड सच्छिद्र होतो. जस्ताचा मुलामा असलेल्या भागांच्या धुराने वेल्डरला ताप भरतो, म्हणून तो मुलामा आधी घासून काढला जातो. पेट्रोलच्या टाक्या आणि गॅस भरलेले शॉक ॲब्सॉर्बर आम्ही शेडमध्ये घेतच नाही.

दिल्लीत २०१९ मध्ये भंगारातून केलेल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृतींचे उद्यान खुले झाले आणि त्यानंतर तशीच प्रतिकृती मागणारे ग्राहक आमच्याकडेही येऊ लागले. त्या उद्यानाने या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तरीही इमारतीच्या प्रतिकृतीत गिअर हा केवळ विटेच्या जागी बसतो, तर प्राण्याच्या किंवा पैलवानाच्या शरीरात तोच गिअर सांधा होतो, असे आमचे मत असल्याने इमारतींची कामे आम्ही स्वीकारत नाही. एका ग्राहकाने बैलाला सोनेरी रंग देण्याची अट घातली होती. तेही काम आम्ही सोडले.

कोल्हापूरचा पाऊस ही उघड्यावरच्या शिल्पांची खरी कसोटी असते. पोकळ भागांच्या तळाला पाणी निचरण्यासाठी छिद्रे ठेवणे, गंज घासून त्यावर पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंग देणे आणि ते वेळोवेळी मेच्या अखेरीस नव्याने चढवणे, हे सर्व आम्ही करारातच लिहितो. किंमत वजनावर ठरत नाही, हेही आम्ही तिथेच स्पष्ट करतो.

आता जुन्या इंजिनांचे भाग मिळणे कमी झाले आहे. त्यांची जागा दुचाकींचे स्प्रॉकेट, क्लच प्लेट आणि सायकलची फ्रीव्हील घेऊ लागली आहेत. हे भाग हलके आणि पातळ असल्याने त्यांतून बैलापेक्षा पक्षी चांगले साधतात. सध्या शेडमध्ये क्लच प्लेटच्या पिसाऱ्याचा मोर उभा राहतो आहे.