रस्त्याखालची रहाड

तिवंधा चौकातून मी लहानपणापासून किती वेळा गेलो असेन! मामांचं घर जुन्या नाशकात, सुट्टीत दूध आणायला मीच जायचो. पण पायाखाली काय आहे ते यंदाच्या रंगपंचमीला पहिल्यांदा पाहिलं.

रहाड म्हणजे पेशवेकाळापासूनचा हौद, माणूस उभा बुडेल एवढा खोल. वर्षभर तो लाकडी ओंडक्यांखाली आणि मातीखाली झाकलेला असतो, वरून रिक्षा जातात. होळीनंतर गल्लीतली माणसं तो उकरतात, गाळ काढतात, पाणी भरतात. नाशकात रंग खेळतात तो रंगपंचमीलाच. धुळवडीचा दिवस वीरांचा, म्हणजे घराण्यातल्या वीर पूर्वजांचा. देवघरातले त्यांचे टाक घेऊन घरोघरची माणसं वाजतगाजत रामकुंडावर जातात, बाशिंग बांधून दाजीबा नावाच्या वीराचं सोंग घेतलेला माणूस निघतो.

प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाजाची केशरी, पंचवटीत शनी चौकातली गुलाबी. रंग पानाफुलांचा, मोठ्या कढईत उकळून केलेला. आधी रहाडीची पूजा, मगच पहिली उडी.

त्या उडीला म्हणतात धप्पा. अंग असं टाकायचं की पाणी उसळून काठावरचे सगळे भिजले पाहिजेत. पोरं एकामागून एक झेपावत होती, काठावरून आरोळ्या, ढोलांचा दणका. मामा सत्तरीचे, ओट्यावर बसून प्रत्येक धप्प्याला मान हलवत होते.

"मामा, उतरू का?"

"विचारतोस काय? तुझ्या वयात मी सकाळपासून पाण्यात असायचो."

मारली उडी. कानात पाणी, डोळ्यांपुढे नुसता पिवळा अंधार. वर आलो तर ओळख ना पाळख, दोघांनी दंडाला धरून खेचलं, "ये भाऊ, आता दुसऱ्याला जागा दे!"

कित्येक रहाडी काळाच्या ओघात बुजून गेल्या. ज्या उरल्या त्या गल्लीनं उघडत ठेवल्या म्हणून. कुंपण घालून, पाटी लावून नुसती बघायला ठेवली असती, तर रहाड कधीच मेली असती असं मला मनापासून वाटतं. ओंडके कसे बसवायचे, रंग किती उकळायचा, हे पोरं मोठ्यांच्या हाताखाली राबूनच शिकतात.

परतायच्या दिवशी मामा बसस्टँडपर्यंत सोडायला निघाले. चौकात रहाड झाकून झाली होती, माती अजून ओलसर होती. मामांनी चपला काढल्या, वाकून मातीला हात लावला, तो कपाळाला नेला. मग म्हणाले, "चल, गाडी चुकेल."