आमची वाटचाल : एकास चोवीस

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमच्या आबांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. खाली अजूनही खऱ्या गाड्या लागतात, आणि त्याच गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं काम चालतं. प्लास्टिकच्या स्केल मॉडेल गाड्या बांधायच्या, आणि गिऱ्हाइकाला हव्या तशा करून द्यायच्या. दादा रंग मारतो. ड्रॉइंग आणि बांधणी माझ्याकडे. काचा, नंबरप्लेट, क्रोमच्या पट्ट्या हे डोळे फोडणारं काम वहिनी करते, आणि आमच्या तिघांत तिचाच हात सगळ्यात स्थिर आहे.

सुरुवात केली ती दुसऱ्यांची किटं बांधून. हौसेनं किट विकत घेणारे पुष्कळ असतात. बांधायला बसणारे थोडे. खोकं वर्षानुवर्षं कपाटावर राहतं आणि शेवटी आमच्याकडे येतं. शिझुओकाच्या तामिया कंपनीची किटं त्यात जास्त, तीही बहुतेक एकास चोवीस मापाची. या मापात खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे मॉडेलवर अर्धा इंच. अमेरिकन किटं बहुधा एकास पंचवीस असतात. त्यामुळे एका किटची चाकं दुसऱ्याला लावायची तर आधी कॅलिपर हातात घ्यावा लागतो.

किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात आणि प्लास्टिकच्या काड्यांच्या चौकटीला चिकटून येतात. ते कापायचे, कापल्याची खूण घासायची, मग जोडायचे. जोडायला वापरतो ते सिमेंट पाण्यासारखं पातळ असतं. ते दोन्ही कडा विरघळवतं आणि वाळल्यावर भाग एकजीव होतात. काचेला मात्र ते चालत नाही, आणि सुपरग्लू तर नाहीच. त्याच्या वाफेनं काचेवर धुरकट डाग पडतो. काचा आम्ही साध्या पांढऱ्या गोंदानं बसवतो.

२०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरची आयात ड्युटी २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली आणि २०२३मध्ये ७० टक्क्यांवर. कायद्याच्या लेखी स्केल मॉडेलही खेळण्यातच मोडतं. किटाचे भाव असे चढले, की नेहमीचे हौशी लोकही हात आखडता घेऊ लागले. बांधणावळ कमी करणं परवडणारं नव्हतं. तेव्हा आपल्याच गाड्या का करू नयेत, हा विषय जेवायच्या ताटावर निघाला. आबा म्हणाले, "अगं, पद्मिनी खालीच उभी आहे. टेप घे आणि जा."

पद्मिनीचं एकास चोवीसचं किट आम्हाला कुठे सापडलं नव्हतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी आधी फियाट ११०० डिलाइट, मग प्रीमियर प्रेसिडेंट आणि त्यानंतर पद्मिनी झाली. गॅरेजमधल्या गाडीची मी मापं घेतली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २३४० मिलिमीटर; मॉडेलवर साडेसत्त्याण्णव. त्यावरून कॉम्प्युटरवर बॉडी काढली, रेझिन प्रिंटरवर मास्टर, म्हणजे साच्यासाठीचा मूळ नमुना, छापला, तो घासून सिलिकॉनचा साचा केला, आणि त्यात पॉलियुरेथेन ओतून बॉडी काढायला लागलो. पुढची-मागची काच पारदर्शक शीट तापवून, व्हॅक्यूमनं ओढून घेतो.

खरी झोंबी यानंतरची. लांबी-रुंदीला चोवीसनं भागून मोकळं होता येतं, बाकीच्या गोष्टी मात्र त्या हिशेबात बसत नाहीत. गाडीचा पत्रा असतो साधारण ०.८ मिलिमीटर. चोवीसनं भागला तर ०.०३ उरतो, तेवढं पातळ काही ओतता येत नाही. म्हणून चाकांच्या कमानी आणि खिडक्यांच्या कडा आतून तासून फक्त कडेपुरत्या पातळ करायच्या, म्हणजे बघणाऱ्याला सगळी बॉडीच पातळ वाटते. दाराची चार मिलिमीटरची फट मॉडेलवर ०.१७ होते, आणि गॅरेजमध्ये दादा सरफेसरच्या पहिल्या हातापासून क्लिअरच्या शेवटच्या हातापर्यंत जो थर देतो तोच मुळी ०.१ मिलिमीटरच्या आसपास जातो. तसा रंग मारला तर दार भिंतीसारखं लिंपून निघेल. म्हणून फटी रंगाआधी सुईसारख्या हत्यारानं खोल कोरून घेतो आणि रंग ०.३ मिलिमीटर नोझलच्या एअरब्रशनं, धुक्यासारखा, थोडा थोडा.

मेटॅलिक रंगाची कथा आणखी वेगळी. गाडीच्या रंगातली चमकी खऱ्या बॉनेटवर बेमालूम दिसते. तीच मॉडेलवर मारली तर चोवीस पटींच्या हिशेबानं अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे ठिपके, म्हणजे लग्नातली झिलमिल. त्यासाठी दादा वेगळी बारीक पावडर मागवतो. काळ्यात तो किंचित राखाडी टाकतो, कारण एवढ्याशा वस्तूवर निव्वळ काळा रंग भोकासारखा दिसतो. गॅरेजचं एनसी थिनर उघड्या पॉलिस्टायरीनला खातं, तेव्हा आधी प्रायमर बसलाच पाहिजे. आबांचं शास्त्र इथे लागू पडतं ते रंग जुळवण्यात. ट्यूबलाइटखाली जुळवलेला रंग उन्हात वेगळा निघतो. पोटमाळ्याची खिडकी आम्ही त्यासाठीच मोठी केली.

३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे निवृत्त झाली. त्याच्या बातम्या आल्या आणि आमचा फोन वाजायला लागला. काळी-पिवळी हवी, म्हणून. बहुतेक फोन मुलांचे, वडिलांसाठी. एकदा मात्र वडीलच बोलले, जन्मभर टॅक्सी चालवलेले. आम्ही पाठवलेला फोटो बघून म्हणाले, "बाई, एवढी चकाचक करू नका. माझी गाडी अशी कधी नव्हतीच." मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. डाव्या मागच्या दाराचा रंग हँडलभोवती उडालेला, कारण उतारू तिथूनच चढणार. टपावर कॅरिअर, त्याखाली पिवळ्यावर ओरखडे. बाहेर डाव्या बाजूला झेंडीचा जुना मीटर. आत हँडगिअर, स्टिअरिंगच्या दांड्यावर. ती गाडी त्यांनी सांगितली तशी केली. तेव्हापासून मी ऑर्डर घेताना गाडीचं नाव शेवटी विचारते. आधी विचारते वर्ष कोणतं, कोण चालवायचं, कुठे उभी असायची.

वर्षाचा आग्रह यासाठी, की नंबरप्लेट खोटं बोलू देत नाही. आमच्या कोल्हापूरचा एमएच-०९ हा प्रकारच १९८९पासूनचा, नवा मोटार वाहन कायदा लागू झाल्यानंतरचा. त्याआधीच्या गाडीला एमएच लावलं तर जाणकार लगेच बोट ठेवतो. शिवाय पूर्वी खासगी गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पांढरी असायची. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून वहिनी पांढऱ्या डेकल कागदावर, म्हणजे पाण्यानं सुटणाऱ्या स्टिकरच्या कागदावर, काळा भाग छापते आणि अक्षरं कोरी सोडते. पाण्यात भिजवून ते डेकल सरकवून बसवायचं. कड पांढरी दिसू नये म्हणून ती काळ्या शाईनं पुन्हा फिरवून घेते. तेवढं काम होईपर्यंत पंखा बंद.

तरुण पोरांच्या ऑर्डरी वेगळ्या. त्यांना मारुती ८०० जमिनीला टेकलेली हवी, रुंद रिम, पुढची चाकं वळवलेली, बॉनेट उघडं आणि आत भलतंच इंजिन. दादाला ही कामं फार आवडतात. ॲक्सलची बैठक कापून वर घ्यायची, चाकांच्या कमानी फुगवायच्या, लांबी, म्हणजे पुटी, भरून घासायची. चारशेच्या पॉलिश पेपरपासून दोन हजारापर्यंत. मला स्वतःला कंपनीतून निघाली तशी गाडी बरी वाटते, पण गाळ्याचं वीजबिल दादाच्या या तरुण गिऱ्हाइकांवर निघतं, हेही खरं. रंग पसंत पडला नाही तर काही प्रकारचे रंग डेटॉलमध्ये बुडवून उतरवता येतात, प्लास्टिकला धक्का न लावता. पोटमाळ्यावर दवाखान्यासारखा वास का येतो, असं विचारणाऱ्यांसाठी हा खुलासा.

सध्या अँबेसेडरचा मास्टर टेबलावर आहे. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला १९५८पासून २०१४पर्यंत ही गाडी निघाली, आणि बॉडीचा घाट बराचसा तोच राहिला. तोंड मात्र बदलत गेलं. म्हणून बॉडी एक आणि पुढचं ग्रिल सुटं, असा साचा करते आहे. मार्क टू, थ्री, फोर, ज्याला जे हवं ते बसवता येईल. कुणाच्या घरी जुन्या अँबेसेडरचा समोरून काढलेला फोटो असेल तर जरूर पाठवा, ग्रिल स्पष्ट दिसलं म्हणजे झालं. मागे उभ्या नातेवाइकांची डोकी कापली गेली असली तरी चालेल.

दिवाळीच्या ऑर्डरी आम्ही मे अखेरपर्यंतच घेतो, निम्मी रक्कम आधी. पावसाळ्यात थिनर उडताना रंगाचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि काळ्या गाडीवर पांढुरकी झाक येते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये वर फक्त कापणं, घासणं, जोडणं चालतं, आणि दादा खाली आबांच्या हाताखाली असतो.