बारीक हिऱ्याची बैठक

एक मिलिमीटर व्यासाच्या गोल हिऱ्याचे वजन साधारण एक मिलिग्रॅम भरते. व्यापारात त्याला अर्धा सेंट म्हणतात, म्हणजे असे सुमारे दोनशे हिरे जमले की एक कॅरट होतो. पूर्ण पैलूंचा असेल तर त्या एवढ्याशा कणावरही मोठ्या हिऱ्यावर असतात तेवढेच ५७ पैलू पाडलेले असतात. चिमट्यात जरा जास्त दाबला की तो उडतो, आणि मग खोलीतला दिवा मालवून, विजेरी फरशीलगत आडवी धरून शोधावा लागतो. चांदीचे दागिने घरी हाताने घडवत असताना मला असे बारीक हिरे जडवायला शिकावेसे वाटू लागले. शिकायला बसल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती अशी, की या कामातला जवळजवळ सगळा वेळ आणि सगळे कौशल्य धातूवर खर्च होते; हिरा हाती येतो तो अगदी शेवटी, आणि तोवर काम बिघडले असेल तर त्याला ते सावरता येत नाही.

आपल्याकडच्या जुन्या दागिन्यांत हिरा निराळ्या रीतीने बसवलेला असतो. तन्मण्याचे खोड उलटे करून पाहिले तर मागची बाजू बंद दिसते. त्या पद्धतीत खड्याखाली चकचकीत वर्ख ठेवतात आणि खड्याभोवती शुद्ध सोन्याच्या पट्ट्या थंड अवस्थेतच दाबत जातात. शुद्ध सोने दाबाने स्वतःलाच चिकटते, त्यामुळे डाग (झाळण) न देता, भट्टी न लावता घट्ट भिंत तयार होते. त्या काळच्या चपट्या, थोड्याच पैलूंच्या हिऱ्याला वर्खाचा आधार लागत असे. आजच्या गोल हिऱ्याचे गणित वेगळे आहे. वरून शिरलेला प्रकाश त्याच्या पाठीकडच्या पैलूंवर आपटून वरच परततो, कारण हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ आहे आणि साडेचोवीस अंशांपेक्षा तिरका आलेला किरण आतून बाहेर निसटू शकत नाही. त्याला वर्ख नको असतो, पाठ स्वच्छ असली की पुरते. अडचण अशी की हिऱ्याला तेलकटपणाचे फार आकर्षण असते. त्वचेचे तेल, साबणाचा थर, क्रीम असे सारे त्याच्या पाठीवर चिकटून राहते आणि ते चिकटले की तेज उतरते. म्हणून बारीक हिऱ्याच्या दागिन्यात प्रत्येक खड्याखाली आरपार भोक असते, आणि चांगला कारागीर ते भोक मागून चौकोनी किंवा षट्कोनी कापून रुंद करतो. दागिना विकत घेताना मी आता आधी त्याची पाठ पाहते.

मला शिकवणारे कारागीर मूळचे बंगालचे, आणि त्यांची सारी हयात मुंबईच्या झवेरी बाजारात गेलेली आहे. तिथल्या कारखान्यांत बंगालहून आलेले कारागीर मोठ्या संख्येने आहेत, ही काही नवी गोष्ट नाही. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. मांडी घालून जमिनीवर बसायचे, समोर बुटके लाकडी मेज, मेजाखाली सोन्याचा कीस झेलण्यासाठी कातडे, आणि तरीही जो कीस निसटेल तो केरातून सोने वेगळे काढणाऱ्या झारेकऱ्याकडे जातो, अशी तिथली व्यवस्था. माझ्या गुडघ्यांना ती मानवली नाही, म्हणून मी घरी उंच मेज करून घेतले. काम छातीच्या उंचीवर आले की मान वाकवावी लागत नाही, आणि मायक्रोस्कोपखाली काम करायचे तर ही उंची अनिवार्यच आहे. दादा अजूनही दहापट लूप, म्हणजे छोटे भिंग, डोळ्याला लावूनच काम करतात. त्यांचे पाहून मीही तसे करून पाहिले, पण एका डोळ्याने खोलीचा अंदाज येत नाही, आणि या कामात खोली हेच सर्वस्व आहे, असे माझे मत झाले आहे.

दागिना हातात धरून हे काम होत नाही. विटेची पूड मिसळलेली लाख गरम करून लाकडी दांड्याच्या टोकावर बसवतात, तीत दागिना रुतवतात आणि लाख गार झाली की तो जागचा हलत नाही. काम संपल्यावर लाख ऊब देऊन सोडवायची आणि उरलेली स्पिरिटमध्ये विरघळवायची. हल्ली गरम पाण्यात मऊ होणारे प्लॅस्टिक मिळते, ते स्वच्छ आहे यात शंका नाही. पण पातळ आणि वाकड्या तुकड्याला लाखेइतका एकसंध आधार त्याने मिळत नाही.

खरे हत्यार म्हणजे ग्रेव्हर, अर्थात धार लावलेली पोलादी किंवा कार्बाइडची कलम. तिची मूठ तळहातात बसते, बोटे पात्याला धरतात आणि अंगठा दागिन्यावर किंवा लाखेच्या दांड्यावर टेकलेला राहतो. हा टेकलेला अंगठा म्हणजे ब्रेक आहे. तो सुटला तर कलम घसरून दुसऱ्या हाताच्या बोटात शिरते. कलमेच्या तोंडाचा कोन पंचेचाळीस ते पन्नास अंशांच्या आसपास ठेवतात, आणि खालच्या बाजूला छोटीशी टाच घासतात, जेणेकरून कलम धातूत शिरल्यावर आणखी आणखी खोल न जाता वर येऊ शकते. पहिले कित्येक आठवडे दादांनी मला धार लावण्यापलीकडे फारसे काही करू दिले नाही. कंटाळवाणे वाटले, पण कारण उघड होते. कलमेचे तोंड आरशासारखे चकचकीत असेल तर तिने काढलेला काप चकचकीत येतो, आणि खड्याभोवतीचा तो काप नंतर पॉलिश करता येत नाही, कारण तेथे ब्रश पोहोचण्यापूर्वीच हिऱ्याला धरून ठेवणारे धातूचे दाणे झिजू लागतात.

सराव मी पितळेच्या पट्टीवर केला. तांबे कलमेला चिकटते, चांदीही थोडी चिकटते, पितळ मात्र स्वच्छ कापले जाते. खडे सुरुवातीला क्युबिक झिर्कोनियाचे होते. ते स्वस्त असतात, परंतु त्यांच्या सवयीने एक गैरसमज रुजतो. झिर्कोनियाच्या काठाचा पोलादी हत्याराच्या धक्क्याने टवका उडतो, तेव्हा हात आपोआप भित्रा होतो. हिरा आला की वाटते, आता कशाचीच भीती नाही. हिरा सर्वांत कठीण आहे हे खरे, पोलादाने त्याच्यावर ओरखडा उठत नाही हेही खरे, पण ठरावीक दिशांना तो सहज दुभंगतो आणि त्याच्या कमरेचा घेर, ज्याला गर्डल म्हणतात, पातळ असेल तर तिरक्या दाबाने तिथून टवका निघतो. कठीण असणे आणि चिवट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झिर्कोनियानंतर मी प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे आणले. जडवणाऱ्याच्या हाताला त्यांच्यात आणि खाणीतल्या हिऱ्यांत काहीही फरक जाणवत नाही. लूपखालीही तो ओळखता येत नाही, त्याला उपकरणेच लागतात.

शिकण्यासाठी नमुना म्हणून मी सात हिऱ्यांची कुडी निवडली. मराठी घरांत ती ओळखीची आहे, आणि शिकाऊ माणसासाठी तिची भूमिती अत्यंत सोयीची आहे. एका वर्तुळाभोवती त्याच मापाची बरोबर सहा वर्तुळे बसतात. म्हणून मधला एक आणि भोवतीचे सहा हिरे एकाच मापाचे घेतले, तर कर्कटकाने एक वर्तुळ काढून त्याच उघड्या कर्कटकाने परिघावर सहा खुणा केल्या की आखणी पूर्ण होते. मी दीड मिलिमीटर व्यासाचे हिरे घेतले. असे सात हिरे मिळून सुमारे दहा सेंटचे होतात. दोन केंद्रांमधले अंतर १.६ मिलिमीटर ठेवले, म्हणजे शेजारच्या दोन हिऱ्यांच्या काठांमध्ये एक दशांश मिलिमीटर धातू उरतो. हिरे एकमेकांना टेकता कामा नयेत, कारण हिऱ्याला खरोखर घासू शकेल असा जवळपास दुसरा हिराच असतो.

हिरे पुडीतून येतात, आणि पुडीतले हिरे चाळणीने वेगळे केलेले असतात. साधारण सव्वा ते १.८ मिलिमीटरपर्यंतच्या मालाला व्यापारात स्टार म्हणतात, त्यावरच्याला मेले. पण एकाच चाळणीतून निघालेल्या हिऱ्यांमध्येही काही शतांश मिलिमीटरचा फरक राहतो, आणि जेथे दोन बैठकींमधली, म्हणजे हिरे बसतात त्या खळग्यांमधली, भिंत एक दशांशाचीच आहे तेथे तो फरक लहान नव्हे. त्यामुळे प्रत्येक हिरा मोजून कागदावर त्याच्या जागेच्या क्रमाने मांडून ठेवावा लागतो. उचलण्यासाठी मधमाशीच्या मेणाचे टोक केलेली काडी वापरतात. वर ज्या तेलकटपणाच्या ओढीची तक्रार केली, तीच येथे कामी येते.

आता बैठक. आधी ०.८ मिलिमीटरच्या ड्रिलने आरपार भोक, मग गोल बरने, म्हणजे यंत्रात फिरणाऱ्या दातेरी टोकाने, ते थोडे उघडायचे, आणि शेवटी हिऱ्याच्या व्यासाहून किंचित लहान बरने खाली उतरायचे. माझ्याकडच्या बरच्या शंकूची बाजू पंचेचाळीस अंशांची आहे, तर हिऱ्याच्या पाठीचे पैलू सुमारे एकेचाळीस अंशांचे असतात. म्हणजे हिरा तळाशी न टेकता गर्डलच्या जरा खाली चहूबाजूंनी टेकतो, आणि तसाच टेकायला हवा. खोली अशी हवी की गर्डल धातूच्या पृष्ठभागाखाली जावा आणि वरचा सपाट पैलू पृष्ठभागाच्या पातळीवर यावा. थोडा उथळ राहिला तर दाण्याला धरायला काठ मिळत नाही, खोल गेला तर हिरा विहिरीत पडल्यासारखा दिसतो आणि धातू पुन्हा भरता येत नाही. म्हणून बर थोडा फिरवायचा, हिरा ठेवून पाहायचा, काढायचा, पुन्हा फिरवायचा. हिरा ठेवून बाजूने प्रकाश टाकला की तो तिरका बसला आहे का ते कळते: वरच्या पैलूवरची चमक सातही हिऱ्यांवर एकाच क्षणी यायला हवी. हे पाहण्यासाठी दादा दागिना फक्त जरासा कलवतात. मला अजून तो फिरवत राहावे लागते.

यानंतर दाणे उचलण्याचे काम येते, आणि सगळ्यांना शिकायचे असते ते हेच. तीन हिऱ्यांच्या मध्ये धातूचा जो छोटा त्रिकोण उरतो, त्याच्या मध्यबिंदूपासून प्रत्येक हिऱ्याचा काठ सुमारे ०.१७ मिलिमीटरवर असतो, हे कागदावर मांडले की लगेच कळते. तेवढ्या धातूतून साधारण ०.४५ मिलिमीटरचा एक दाणा घडवला, तर तो एकटाच तिन्ही हिऱ्यांच्या काठावर थोडा थोडा चढतो. कलम त्रिकोणात उभी रोवून, तिने धातूचा ढीग हिऱ्याकडे ढकलायचा. धातू कापायचा नसतो, लोटायचा असतो. मग वाटीसारखे टोक असलेले हत्यार त्या ढिगावर ठेवून किंचित गोल फिरवत दाबले की ढीग गोल होऊन काठावर बसतो. बाहेरच्या बाजूला शेजारी हिरा नसल्यामुळे तेथे प्रत्येक हिऱ्याला स्वतःचे दोन दाणे द्यावे लागतात. समोरासमोरचे दाणे आलटून पालटून घ्यायचे. एकाच बाजूचे सगळे आधी केले तर हिरा पलीकडच्या बाजूने उचलला जातो.

कुडी मी अठरा कॅरट सोन्यात केली. ७५ टक्के सोने आणि बाकी मिश्रधातू असल्यामुळे ती पुरेशी कडक राहते. आपल्याकडे बावीस कॅरटचा आग्रह फार, पण ९१.६ टक्के शुद्धतेच्या सोन्यातले अर्ध्या मिलिमीटरहून लहान दाणे केसांत, ओढणीत, उशीवर घासून झिजतात, आणि मग हिरा जातो. सोन्याच्या शुद्धतेची हौस बांगडीत किंवा पाटल्यांत पुरवावी, बारीक हिऱ्यांच्या कामात ती पुरवू नये. आणखी एक क्रम पाळावा लागतो: फिरकीची दांडी आधी डाग देऊन जोडायची, मग हिरे. डाग देण्याची आच उघड्या हिऱ्याला लागली तर त्याच्या पृष्ठभागावर धुरकट थर येऊ शकतो. बोरिक आम्लाचा लेप देऊन काही जण ते टाळतात, परंतु नवीन दागिन्यात तशी वेळ आणण्याचे काही कारण नाही.

कारखान्यांत आता यातले पुष्कळसे दुसऱ्या मार्गाने होते. संगणकावर दाण्यांसकट नमुना काढतात, मेणात छापतात, कधी हिरे मेणातच बसवून त्यांच्याभोवती सोने ओततात. ते काम निकृष्ट असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. झपाट्याने, एकसारखे आणि परवडेल अशा किमतीत दागिने त्यामुळेच मिळतात. पण ओतलेला दाणा आणि कलमेने लोटलेला दाणा लूपखाली वेगळे दिसतात. लोटलेल्या दाण्याभोवती कलमेचा चकचकीत काप असतो, आणि तो प्रकाश हिऱ्याच्या काठापर्यंत नेतो, त्यामुळे हिरा आहे त्याहून मोठा वाटतो. जडवणावळ खड्यामागे मोजली जाते. त्या दरात हा काप बसतो की नाही, हे विचारून घ्यावे.

तपासणीच्या दादांच्या दोन रीती आहेत. कुडी कानाशी धरून तिच्यावर बोटाने हलके टिचकी मारायची. एखादा खडा सैल असेल तर बारीक किणकिण ऐकू येते. मग कापसाचा बोळा दाण्यांवरून फिरवायचा. जेथे तंतू अडकतो तेथे दाणा काठावर नीट बसलेला नाही. माझ्या पहिल्या कुडीने कानाची परीक्षा सहज पार केली, कापसाच्या परीक्षेत मात्र बाहेरच्या दोन दाण्यांवर पुन्हा वाटीचे हत्यार फिरवावे लागले.

सध्या दुसरी कुडी लाखेत आहे. ती पहिलीपेक्षा अवघड ठरते आहे, कारण आता आखणी कर्कटकावर सोडून भागत नाही. हिऱ्यांचे व्यास पहिलीतल्या हिऱ्यांशी जुळायला हवेत, रंग जुळायला हवा, आणि दोन्ही कुड्या कानांत असताना वरचे पैलू एकाच उंचीवर दिसायला हवेत. पुडीतून सात हिरे पुन्हा निवडायचे तर किती तरी हिरे मोजून बाजूला ठेवावे लागतात. मधला आणि भोवतालचे चार बसले आहेत. उरलेल्या दोन जागांसाठी १.५२ मिलिमीटरचे हिरे हवे आहेत आणि माझ्या पुडीत आहेत ते १.४८ चे, तेव्हा पुढच्या आठवड्यात दादांच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे जाऊन नवी पुडी पाहायची आहे.