आमची वाटचाल : कूलरच्या पंपापासून पाणबुडीच्या कार्डापर्यंत

नागपुरात बर्डीच्या मागच्या गल्लीत आमचं दहा बाय बाराचं दुरुस्तीचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं तेव्हा रेडिओ अन् टेपरेकॉर्डर यायचे, मग ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही, मग कलर, आणि मी बसायला लागलो तोवर टीव्हीचं काम संपतच आलं होतं. मग उन्हाळाभर कूलरचे पंप आणि स्टॅबिलायझर, बाकी वर्ष इन्व्हर्टरचे कार्ड, म्हणजे सर्किट बोर्ड, आणि काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांतले सबमर्सिबल पंपाचे स्टार्टर पॅनल, असं चाललं होतं. म्हणजे पाण्याने खराब झालेला माल आम्ही रोजच पाहत होतो, पण पाणी सर्किटचं नेमकं काय करतं हे मला खरं कळलं ते एका रिमोटच्या पाणबुडीमुळे.

आमचे एक जुने गिऱ्हाईक, रेल्वेतून रिटायर झालेले काका, एका मे महिन्यात दुपारी सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून आले. पोत्यात तीन फुटांची पाणबुडी, स्वतः बनवलेली. म्हणाले, "बापू, शेततळ्यात बुडून राहिली होती दोन तास, दोर टाकून काढली. आता काहीच चालत नाही, पाहून दे नं."

आत एक आडवा पारदर्शक सिलिंडर, दोन्ही टोकांना ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल रिंग, लावलेली झाकणं. त्यात बॅटरी, रिसीव्हर, मोटारीचा स्पीड कंट्रोलर, बॅलास्ट टँकचा पंप (ही टाकी पाण्याने भरली की पाणबुडी खाली, रिकामी केली की वर), पंख हलवणाऱ्या दोन छोट्या मोटारी म्हणजे सर्वो, आणि नाक वर-खाली झालं की मागचे पंख आपोआप हलवून पाणबुडी सरळ ठेवणारा छोटा लेव्हलर. रिसीव्हर 27 मेगाहर्ट्झचा होता. मी विचारलं, काका आता सगळं 2.4 गिगाहर्ट्झवर येतं, हा जुना सेट कशाला? तर त्यांनी सांगितलं की 2.4 चा सिग्नल पाणी लगेच पिऊन टाकतं, पाणबुडी जरा खाली गेली की हातातून गेली, 27 चा सिग्नल मात्र गोड्या पाण्यात बराच खालपर्यंत पोचतो. खारं पाणी असेल तर तोही पोचत नाही.

उघडल्यावर दिसलं की ओल्या सिलिंडरमध्ये बॅटरी तशीच जोडलेली होती. खरं नुकसान त्यानेच केलं. नुसत्या पाण्याने कार्ड लगेच मरत नाही हो, पाण्यात करंट असला की प्लसच्या बाजूचं तांबं विरघळायला लागतं, ट्रॅक खाल्ला जातो, हिरवा थर येतो, आणि दोन पिनांच्या मधे बारीक केसासारखी वाट तयार होऊन शॉर्ट होतो. स्पीड कंट्रोलरचे दोन मॉसफेट (मोटारीचा करंट चालू-बंद करणारे पार्ट) शॉर्ट, रिसीव्हरची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलचा एक पाय गळून पडलेला, आणि पाच व्होल्टचा ट्रॅक दोन ठिकाणी गायब.

आधी डिस्टिल्ड वॉटरने धुतलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. (लोक तांदळात ठेवतात, त्याने मीठ-माती निघत नाही, उलट तांदळाची पूड कनेक्टरमध्ये जाते, कृपा करून ठेवू नका.) मग साठ अंशाच्या आसपास रात्रभर सुकवलं, मॉसफेट बदलले, क्रिस्टल नवीन टाकला, गेलेल्या ट्रॅकवर बारीक इनॅमल वायरचे जंपर मारले. सर्वोला सिग्नल दिला, दीड मिलिसेकंदाच्या पल्सला बरोबर मधे येऊन थांबला. दुकानातल्या ड्रममध्ये पाणबुडी खाली जाऊन वर आली, त्या दिवशी बाबासुद्धा खुर्ची सोडून उठून बघायला आले होते.

आठ दिवसांत काका परत. आत पुन्हा पाणी. या वेळी सिग्नल तुटल्याबरोबर फेलसेफने, म्हणजे अशा वेळी आपोआप चालणाऱ्या सोयीने, टँक रिकामा केला म्हणून पाणबुडी वर तरी आली, पण कार्डावर पाण्याचे थेंब होते. काका एक शब्द वाईट बोलले नाहीत, उलट मलाच वाईट वाटत होतं कारण मी कार्ड दुरुस्त केलं होतं पण पाणी आलं कुठून हे विचारलंच नव्हतं.

दोन दिवस बाकीची कामं बाजूला ठेवून तेवढंच केलं. झाकणात एक व्हॉल्व्ह बसवला, सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरली आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसं टबात धरलं. ओ-रिंग पक्की होती. बुडबुडे प्रोपेलरच्या शाफ्टच्या सीलमधून येत होते, तेही अगदी बारीक, मिनिटाला एखाद-दुसरा. मग ड्रममध्ये पाणी का आलं नाही? तर काका मे महिन्याच्या उन्हात, पंचेचाळीस अंशात, बांधावर बसून सिलिंडर बंद करायचे आणि तसाच अठ्ठावीस अंशाच्या पाण्यात सोडायचे. आतली हवा गार झाली की तिचा दाब पाच टक्के कमी होतो, म्हणजे अर्धा मीटर खोल पाण्याइतकी ओढ त्या सीलवर आपोआप येते, पाणबुडी वरवर तरंगत असली तरी! आमच्या दुकानात ड्रमचं पाणी अन् हवा सारखीच गरम, तिथे ते दिसणारच नव्हतं.

सील बदलला, शाफ्टला सिलिकॉन ग्रीस, कार्डावर कन्फॉर्मल कोटिंग म्हणजे ओल रोखणारा पातळ थर, तळाशी दोन उघड्या तारांचा लीक सेन्सर, पाणी लागलं की टँक रिकामा. आणि काकांना सांगितलं, आधी सिलिंडर दहा मिनिटं सावलीत त्याच पाण्यात ठेवा, व्हॉल्व्ह उघडा राहू द्या पण पाण्याच्या वर धरा, मग बंद करा. त्यानंतर ती पाणबुडी पाण्यामुळे आमच्याकडे आलेली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे पद्धतच पडली की पाणी कुठून आलं ते सापडल्याशिवाय कार्ड परत द्यायचं नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. स्टार्टर पॅनलचंही तेच, नुसता रिले बदलून दिला तर पुढच्या पावसाळ्यात तोच शेतकरी तेच पॅनल घेऊन येतो, म्हणून आधी केबल शिरते ते भोक बघतो. यामुळे काम हळू झालं, काही लोक दुसरीकडे गेले, पण काटोलकडून माणसं आमच्या नावाने विचारत यायला लागली.

मग 23 सप्टेंबर 2023 ची पहाट. अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीचं पाणी वस्तीत, मोरभवन बस स्टँडला बस पाण्यात उभ्या, आणि आमच्या दुकानात गुडघाभर पाणी. बाबा आणि मी पहिलं काम केलं ते बॅटऱ्या आणि मेन तोडायचं, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला ओरडून सांगितलं की काहीही चालू करून बघू नका. बघू तरी चालतंय का म्हणून ज्यांनी बटण दाबलं त्यांचे कार्ड गेले. बाकीचे आम्ही पुढे तीन आठवडे धुतले, काका रोज सकाळी येऊन ब्रश घेऊन बसायचे, पैसे घ्या म्हटलं तर नाही म्हणाले. खालच्या रॅकमधले आमचे स्वतःचे मीटर आणि सोल्डरिंग स्टेशनही त्याच टबात होते.

सध्या काकांचा लेव्हलर टेबलावर आहे. बुडाला नाही, आतला सेन्सर गेलाय, आणि बनवणाऱ्याने तो पूर्ण इपॉक्सीत ओतलेला आहे, पाणी जाऊ नये म्हणून केलं ते बरोबरच, पण आता मला हॉट एअरने गरम करत एक-एक मिलिमीटर खरवडावं लागतंय. अर्धा झालाय. दिवाळीपर्यंत देतो म्हणून सांगितलंय त्यांना.