अडकत बोलणाऱ्यांचा ग्रुप शोधताना – माझा अनुभव (मानवत, परभणी)

मी मानवतची, जिल्हा परभणी. डी.फार्म झालंय, दादाच्या मेडिकलवर काउंटरला बसते. मी बोलताना अडकते, लहानपणापासून. लाजरी नाही बरं का, तसं समजतात लोक. शब्द माहीत असतो, तोंडापर्यंत आलेला असतो आन निघत नाही. त्यात गावाचं नाव म वरून आन माझं पण म वरूनच, आणि म म्हणजे माझा सगळ्यात अवघड. परभणीहून येताना कंडक्टरनं "ताई कुठं?" विचारलं की मी सरळ पाथरी सांगायची कारण प निघतो, मग मानवत आलं की उतरून जायची. वरचे पैसे गेले तर गेले. २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून तोटा पण अर्धा झाला एवढंच.

घरचे उपाय सगळे झालेले. वेखंड उगाळून मधात जिभेला लावणं, अक्कलकारा चघळणं, तोंडात खडा धरून वाचणं, आजीनं बोललेला नवस. आन येणारा जाणारा प्रत्येक माणूस सांगणार की हृतिक रोशन पण लहानपणी अडकायचा, बघ कुठं गेला. हो गेला, पण त्याला मानवतच्या मेडिकलवर "मेटफॉर्मिन संपलीय, उद्या येईल" असं गिऱ्हाईकाला सांगावं लागत नाही ना.

खरं सांगायचं तर मी माझ्यासाठी कधी शोधलंच नसतं. माझा भाचा साडेतीन वर्षांचा झाला आन एकदम "मम मम मला दे" असं सुरू झालं. आईनं लगेच वेखंड काढलं. शेजारची एक काकू तर वहिनीला म्हणली, "आत्याजवळ बसू लालं ना ते सारखं, तिचंच लागलं." मी आतल्या खोलीत होते, सगळं ऐकू आलं. त्या रात्री मोबाईलवर वाचत बसले. अडकणं सोबतीनं, नक्कल करून लागत नाही. पण घराण्यात असू शकतं, म्हणजे आनुवंशिक भाग असतो त्यात आन मेंदूतलं बोलण्याचं टायमिंग वेगळं असतं. थोडक्यात रक्ताचं नातं कारण असू शकतं, माझ्या मांडीवर बसणं नाही. काकूला हे सांगायला मला एवढा वेळ लागला असता की सोडून दिलं.

अंगणवाडीच्या ताईनं रस्ता दाखवला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेची गाडी येते, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून आहे हा, अठरा वर्षांपर्यंतच्या लेकरांची तपासणी फुकट. त्या पथकातल्या डॉक्टरनं चिठ्ठी दिली आन परभणीला डीईआयसी म्हणजे लेकरांसाठीचं जिल्ह्याचं जे सेंटर असतं तिकडं पाठवलं. आम्हाला माहीतच नव्हतं की असं काही असतं. मी, वहिनी आन पिल्लू गेलो. तिथल्या मॅडमनी त्याच्याशी खेळत खेळत तपासलं, मग वहिनीला समजावून सांगितलं की दोन ते पाच वर्षांत बरीच लेकरं अशी अडकतात आन साधारण चारातली तीन आपोआप नीट होतात, पण घरात मोठं माणूस अडकणारं असेल तर वाट बघत बसायचं नाही, लक्ष ठेवायचं. वेखंड बंद. "नीट बोल, सावकाश बोल" म्हणणं बंद. त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. त्याच्याकडं तोंड करून ऐकायचं आन घरच्यांनीच स्वतः सावकाश बोलायचं. शेवटचं सगळ्यात अवघड गेलं ते दादाला, कारण दादा म्हणजे गिऱ्हाईक, कंपनीचा एमआर आन फोन तिघांशी एकदम बोलणारा माणूस.

निघता निघता मी मॅडमला विचारलं, माझ्यासाठी काय. विचारायला किती वेळ लागला ते सोडा, त्यांनी शब्द पुरा केला नाही, नुसतं बघत थांबल्या, असं कुणी थांबलं की बरं वाटतं. त्या म्हणल्या हे सेंटर लेकरांचं आहे, तुम्हाला संभाजीनगरला स्पीच थेरपिस्ट मिळतील, पण जाण्याआधी आरसीआयचा नंबर बघा. हे मला नवीनच होतं. रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, १९९२ चा कायदा आहे, स्पीच थेरपिस्टला तिथं रजिस्टर असावं लागतं. बीएएसएलपी ही त्यांची डिग्री आन प्रत्येकाला सीआरआर नंबर असतो, नेटवर तपासता येतो. आम्ही फार्मासिस्ट लोक रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट दुकानात भिंतीला लावतो, तसंच हे.

हा नंबर लई कामाला आला. कारण तोवर दादानं एक जाहिरात शोधून ठेवली होती, "पंधरा दिवसांत तोतरेपणा मुळापासून बंद, गॅरंटी". दुसऱ्या राज्यातलं सेंटर, तिथंच राहायचं, पहिले काही दिवस मौन, एक शब्द बोलायचा नाही, मग एका विशिष्ट चालीत बोलायला शिकवणार, पैसे आधी. दादा तर आगाऊ रक्कम पाठवायच्या तयारीत. मी व्हॉट्सॲपवर फक्त एवढंच विचारलं की थेरपिस्टचा सीआरआर नंबर काय. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही आलं. मग दादाच म्हणला "जाऊ दे". नंतर ग्रुपमध्ये असल्या ठिकाणी जाऊन आलेले लोक भेटले, सगळ्यांचं एकच, तिथं असेपर्यंत गाणं म्हणल्यासारखं बोलणं निघतं आन घरी आल्यावर काही आठवड्यांत होतं तसं.

मध्ये एकदा १४४१६ ला पण लावला होता. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, २०२२ ला सुरू झालेली, मराठीत बोलतात. त्या दिवशी दुकानात एका माणसानं माझी नक्कल केली होती आन मला झोप येत नव्हती. आता गंमत बघा, फोनवर बोलता येत नाही हेच दुखणं आन मदतीसाठी काय करा तर फोन लावा. तरी लावला. पलीकडच्या ताईंनी घाई केली नाही, रडू दिलं. बोलण्याच्या सरावासाठी मात्र स्पीच थेरपिस्टच पाहिजे असं त्यांनी पण सांगितलं. तेव्हा मनावर फार ओझं असेल, नको नको ते विचार येत असतील तर तो नंबर जरूर लावा, फक्त अडकणं सुधारायचं असेल तर ते काम त्यांचं नाही.

संभाजीनगरच्या थेरपिस्ट बाईंकडं मी मानवत रोडवरून रेल्वेनं जायची. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, मोठ्या माणसाचं अडकणं पूर्ण जाईल अशी गॅरंटी मी देणार नाही, कुणी दिली तर तिथून उठून या. मला वाटलं मग आले कशाला मी. पण त्यांनी मोबाईलवर माझा व्हिडिओ काढून मलाच दाखवला. अडकताना मी डोळे घट्ट मिटते, मांडीवर बोटं आपटते, आन अवघड शब्द आला की वाक्यच फिरवते. पाथरीचं तिकीट त्यातलंच. हे सगळं अडकणं लपवायला केलेलं आन खरा दम त्यातच जातो. मग शिकवलं, शब्दाची सुरुवात हलकी करायची, पहिला आवाज जरा लांबवायचा, शब्द फसला तर जोर लावायचा नाही, तिथंच थांबायचं, सैल सोडायचं आन तोच शब्द परत घ्यायचा. आन सगळ्यात येडपट वाटलेली गोष्ट म्हणजे मुद्दाम अडकायचं. जिथं शब्द निघतोय तिथं पण स्वतःहून अडकून दाखवायचं, म्हणजे भीती मोडते. वहिनीसमोर करून बघितलं तर ती घाबरून पाणी घेऊन आली.

जाण्यायेण्यात दिवस मोडायचा, दुकान दादा एकट्यावर, म्हणून नंतरचे सेशन व्हिडिओ कॉलवर केले. पण थेरपिस्टसमोर माझं बोलणं चांगलं व्हायचं आन काउंटरवर परत तेच. त्याच म्हणल्या की आता माझ्यापेक्षा जास्त गरज तुला ग्रुपची आहे, अडकणाऱ्या माणसांच्या.

द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन, टिसा म्हणतात, २००८ पासून आहे. अडकणाऱ्या लोकांनीच चालवलेली, फी नाही, कुणी डॉक्टर नाही. त्यांचे सेल्फ हेल्प ग्रुप असतात, मोठ्या शहरात लोक प्रत्यक्ष भेटतात आन ऑनलाइन मीटिंग पण होतात. मला भेटायला जाता येईल असा आपल्या भागात काही सापडला नाही, मग ऑनलाइनला बसले. पहिल्यांदा कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं. एक माणूस स्वतःचं नाव सांगताना एवढा वेळ अडकला की मला वाटलं नेट गेलं, आन कुणीच मध्ये बोललं नाही. सगळे थांबले. त्याचं नाव निघालं, मीटिंग पुढं चालू. मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासारखं बोलणारं दुसरं मोठं माणूस ऐकलं होतं. शंभरात एक माणूस अडकतो म्हणतात, म्हणजे आमच्या मानवतमध्ये पण कितीतरी असणार, पण सगळे माझ्यासारखेच गप्प बसणारे, मग दिसणार कसे.

अडचण दोन होत्या. एक म्हणजे बोलणं हिंदीतून, आन माझं हिंदी म्हणजे मराठवाड्याचं. दुसरी, स्क्रीनवर बाप्येच बाप्ये. मोठ्या माणसात अडकणाऱ्या चार पुरुषांमागं एक बाई असं साधारण प्रमाण आहे, आन त्या एकीला पण घरचे कॅमेऱ्यासमोर बसू देतील तेव्हा. माझी आईच म्हणायची, "कामून चारचौघात सांगू लालीस, स्थळं यायची बंद होतील." मी म्हणलं आई, अख्खं मानवत रोज माझ्याकडून गोळ्या घेऊन जातं, कुणाला माहीत नाही सांग.

मग एका मीटिंगच्या शेवटी मी लिहून टाकलं की परभणी, नांदेड, जालना साईडचं कुणी आहे का. तिघं निघाले. एक जालन्याचे, सळईच्या कारखान्यात कामाला, एक सोनपेठकडचे शेतकरी, आन एक नांदेडचा पोरगा स्पर्धा परीक्षा करणारा. ठरलं परभणीत भेटायचं. घरी सांगितल्यावर दादा म्हणला नेटवरच्या अनोळखी माणसांना भेटायला एकटी जायचं नाही, आन तो सोबत आला. बरं झालं आला, कारण अडकणाऱ्या माणसांत माझं बोलणं कसं होतं ते त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा बघितलं.

जागेचा लई घोळ. वाचनालयात जागा होती पण तिथं बोलायची बंदी, आन आमचा कार्यक्रमच बोलायचा. हॉटेलात बसलो तर मालक दर दहा मिनिटाला "अजून काय देऊ". शेवटी कृषी विद्यापीठाच्या बाजूला झाडाखाली बसायला लागलो. नियम तीनच ठेवले. प्रत्येकाला वेळ, त्यात मध्ये कुणी बोलायचं नाही. कुणाचा शब्द पुरा करायचा नाही. आन चहाची ऑर्डर दरवेळी वेगळ्या माणसानं द्यायची, बोट दाखवून नाही, तोंडानं. पेपर मोठ्यानं वाचतो, स्पीकरवर टाकून कुठल्यातरी दुकानाला फोन लावतो. सोनपेठचे दादा कृषी केंद्राला सोयाबीनच्या बियाण्याचा भाव विचारतात, पलीकडचा "हॅलो हॅलो" करून फोन ठेवतो, हे परत लावतात. तिसऱ्यांदा लावल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितलं, "मी अडकत बोलतो, जरा थांबा भाऊ," आन तो माणूस खरंच थांबला. आम्ही सगळे टाळ्या वाजवायला लागलो, त्या बिचाऱ्याला काय झालं कळलंच नसेल.

नांदेडच्या पोराला सर्टिफिकेट पाहिजे होतं, अपंगत्वाचं, नोकरीसाठी. त्याच्यासोबत आम्ही पण कायदा वाचला. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात वाचा आणि भाषा दोष आहे, पण व्याख्येत स्वरयंत्र काढलेलं, पक्षाघातानंतर वाचा जाणं अशी शारीरिक किंवा मज्जासंस्थेची कारणं धरलीत, आन कायमचा दोष पाहिजे. आपल्यासारख्या लहानपणापासून अडकणाऱ्याला ते मिळणं अवघडच. त्याला पण नाही मिळालं. महिनाभर नाराज होता, आला नाही. मग आला, आता मुलाखतीचा सराव आमच्यासमोर करतो. सोनपेठचे दादा असले प्रश्न विचारतात की खरं पॅनल परवडलं.

माझं अडकणं गेलं का, तर नाही. काही दिवस चांगले जातात, सणासुदीच्या गर्दीत काउंटरवर परत डोळे मिटले जातात. एसटीत मानवत म्हणते आता, कधी लगेच निघतं, कधी कंडक्टर पुढच्या सीटवर जाऊन परत येतो. भाच्याचं बरंच कमी झालंय, मॅडमनी सांगितलंय वर्षभर दाखवत राहा.

ग्रुपला पावसाळ्यात बसायला जागा नसते, एका ओळखीच्या सरांनी रविवारी शाळेची खोली उघडून देतो म्हणलंय, बघू. जालन्याचे दादा पुढच्या वेळी त्यांच्या मुलीला आणणारेत. ती नववीत आहे, ती पण अडकते, आन ग्रुपमध्ये एक बाई आहे म्हणल्यावरच यायला तयार झाली. तिनं मला मेसेज केला होता, ताई तिथं बोलावंच लागतं का. मी लिहिलं नाही लागत, चहा पी आन बस, फक्त तुझी पाळी आली की ऑर्डर तूच द्यायची.