स्टेटमेंटमधल्या पाच अनोळखी ओळी

क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट १५ तारखेला आलं, आणि त्यातल्या पाच ओळी ओळखीच्या नव्हत्या. ३ तारखेला १५५७.८२ रुपये, खाली पुन्हा १५५७.८२. त्याच दिवशी २ रुपये नावे आणि २ रुपये जमा. मग १० तारखेला २९९९. पाचही ओळींपुढे कुठल्याशा टेक्नॉलॉजी कंपनीचं मध्येच तुटलेलं नाव आणि शेवटी बेंगळुरू. ही कंपनी पुण्यात मानसिक आरोग्याचं क्लिनिक चालवते, हे कळायला तासभर गेला.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये ओळीवर बोट ठेवलं की ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ असा पर्याय येतो. तो मी लगेच निवडला नाही. फसवणुकीची तक्रार नोंदली की ते कार्ड बंदच होतं, त्याच्यावर लावलेले विजेचे, मोबाइलचे ऑटोपे अडकतात, आणि खर्च घरातलाच निघाला तर आपण लेखी खोटं बोललेलो असतो.

पण निवांत बसायलाही सवड नसते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ग्राहकाची नाही आणि बँकेचीही नाही अशा अनधिकृत व्यवहारात ३ कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काहीच भार येत नाही. ४ ते ७ कामकाजी दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत भार येतो. ५ लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला तो जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यापुढे बँकेचं स्वतःचं धोरण लागू. आणि हे दिवस स्टेटमेंटपासून मोजत नाहीत, व्यवहाराचा एसएमएस आल्यापासून मोजतात. माझे एसएमएस जाहिरातींच्या ढिगाऱ्यात पडून होते, म्हणजे ३ तारखेच्या ओळींची मुदत तर कधीच उलटली होती.

आधी नावाचा उलगडा. स्टेटमेंटवर पाटीवरचं नाव नसतं, पैसे ज्या खात्यात जातात त्या कंपनीचं नाव असतं. त्या रकान्यात जेमतेम २२ ते २५ अक्षरं बसतात. मध्ये पेमेंट गेटवे, म्हणजे दुकानदारासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणारी कंपनी असेल, तर सुरुवातीची काही अक्षरं आणि एक चांदणी (*) तिचीच असते, म्हणजे उरलेलं नाव आणखी आखूड. गाव दाखवतात ते बहुधा कंपनीच्या नोंदणीचं. हे तुटकं नाव सर्चमध्ये टाकून वर येणाऱ्या ‘कस्टमर केअर’ नंबरवर कधीही फोन करू नये, त्यातले कितीतरी भामट्यांचेच असतात. त्यापेक्षा संशय असलेल्या क्लिनिकच्या वेबसाइटवर अगदी तळाशी जाऊन रिफंडच्या किंवा अटींच्या पानावर कायदेशीर नाव बघावं. मला ते तिथेच सापडलं.

मग ओटीपी. भारतातल्या दुकानदाराला भारतातल्या कार्डावरून ऑनलाइन पैसे घ्यायचे तर ओटीपी किंवा तशीच दुसरी पडताळणी लागते. कार्ड ‘सेव्ह’ केलंय म्हणून क्लिनिकला न आलेल्या अपॉइंटमेंटचे पैसे परस्पर ओढता येत नाहीत. अमेरिकेत हे सर्रास चालतं, त्यामुळे तिकडचे सल्ले वाचून इकडे गोंधळ होतो. इथे ओटीपीशिवाय रक्कम गेली असेल तर तीन शक्यता: आधी मंजूर केलेला ऑटोपे, परदेशी कंपनी, किंवा खरीच चोरी. माझ्याकडे ३ तारखेचे ओटीपी आलेले दिसले नाहीत. मात्र स्टेटमेंट नीट बघितलं तर या ओळी ज्या कार्डाखाली छापल्या होत्या, त्याचे शेवटचे चार आकडे माझ्या कार्डाचे नव्हते. अ‍ॅड-ऑन कार्डाचे होते, म्हणजे माझ्याच खात्यावर घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला दिलेल्या कार्डाचे. आमच्या बँकेत अ‍ॅड-ऑनचे ओटीपी त्या व्यक्तीच्या मोबाइलवर जातात.

इथे जरा थांबावं. घरातलं कोणीतरी मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलंय आणि ते आपल्याला एका बिलामुळे कळतंय. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्टेटमेंटचा फोटो टाकून ‘हे कोणाचं?’ विचारणं हा त्यातला सगळ्यात वाईट मार्ग. मी त्या एकाच व्यक्तीला एकटं गाठून इतकंच विचारलं, “३ तारखेचे पंधराशे सत्तावन्न आणि १० तारखेचे एकोणतीसशे नव्व्याण्णव तुझ्या कार्डावरचे ना?” उत्तर ‘हो’ आलं. ती व्यक्ती कोण, हे इथे सांगायचं कारण नाही. का गेली, हे मीही विचारलं नाही. पैशाचा हिशेब लावायला ते लागतच नाही.

आता रकमा. डॉक्टरांच्या पावतीवर १५०० होते, कार्डावर १५५७.८२. वरचे ४९ रुपये बुकिंगची प्लॅटफॉर्म फी आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८.८२. डॉक्टरांच्या तपासणी फीला जीएसटी नाही, प्लॅटफॉर्मच्या फीला आहे, म्हणून क्लिनिकची पावती आणि प्लॅटफॉर्मचं बिल असे दोन कागद निघतात आणि दोघांपैकी एकाचाही आकडा स्टेटमेंटशी जुळत नाही. बेरीज करावी लागते.

ते २ रुपये मात्र फार बोलके. नावे पडून त्याच दिवशी परत आलेली अशी चिल्लर रक्कम म्हणजे बहुधा कार्डाची पडताळणी, आणि पडताळणी झाली म्हणजे कुठेतरी ऑटोपे लागला असण्याची दाट शक्यता. तसंच निघालं. समुपदेशनाच्या मासिक पॅकेजचा पहिला आठवडा फुकट होता, आठवा दिवस उजाडला आणि २९९९ गेले. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा ठरलेल्या वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही. पहिल्यांदा मंजुरी देताना लागतो. वजावटीच्या किमान २४ तास आधी सूचना देणं बँकेला बंधनकारक आहे आणि ती आलीही होती. फक्त तिच्यातही तेच तुटकं नाव होतं.

ऑटोपे बंद करायला बँकेच्या अ‍ॅपमधलं मॅन्डेटचं, म्हणजे ऑटोपेला दिलेल्या मंजुऱ्यांचं, पान उघडायचं आणि ती नोंद रद्द करायची. यात लोक हमखास फसतात: मॅन्डेट रद्द केल्याने पॅकेज रद्द होत नाही, क्लिनिकच्या हिशेबी ते चालूच राहतं आणि थकबाकीचे मेसेज सुरू होतात. दोन्हीकडे रद्द करावं; आधी पॅकेज, त्याची पोच मिळाली की मॅन्डेट.

राहिली दुसरी १५५७.८२ची ओळ, आणि खरा घोळ तिथेच होता. पेमेंट करताना पान अडकलं, म्हणून पुन्हा पैसे भरले गेले. आधी बघायचं ते दोन्ही ओळींचे १२ आकडी आरआरएन, म्हणजे व्यवहाराचे संदर्भ क्रमांक. ते बँकेकडून मिळतात. क्रमांक एकच असेल तर व्यवहारही एकच, अ‍ॅपमध्ये तात्पुरती अडवलेली रक्कम आणि पक्की नोंद दोन्ही दिसत असतात. काही दिवसांत एक गळून पडते. क्रमांक वेगळे असतील तर पैसे खरोखर दोनदा गेलेत. आमचे वेगळे होते.

दुकानदाराकडे पोचच न मिळालेला फसलेला व्यवहार असेल, तर २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहारानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी, उशिराला दिवसाला १०० रुपये भरपाई. इथे मात्र दोन्ही व्यवहार क्लिनिकच्या गेटवेवर ‘यशस्वी’ होते. असं असलं की आपोआप काही होत नाही, रिफंड क्लिनिकनेच द्यावा लागतो.

रिसेप्शनवर फोन केला तर पहिला प्रश्न “पेशंटचं नाव?” आणि दुसरं वाक्य “आमच्याकडे एकच पेमेंट दिसतंय.” त्यात खोटेपणा नव्हता. रिसेप्शनच्या पडद्यावर अपॉइंटमेंट दिसतात, त्या दिवशी अपॉइंटमेंट एकच होती. दोन पेमेंट दिसतात ती अकाउंट्सच्या गेटवेच्या पानावर. म्हणून ईमेल थेट अकाउंट्सला लिहिला: तारीख, रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे, दोन्ही आरआरएन, आणि ‘यातल्या एकापोटी सेवा दिलेली नाही, रिफंड करून त्याचा एआरएन, म्हणजे संदर्भ क्रमांक, कळवा.’ पेशंटचं नाव नाही. पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी तर नाहीच. पेशंट कोण हे क्लिनिकने मला सांगितलं नाही, आणि ते बरोबरच. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ प्रमाणे ती माहिती गोपनीय आहे, बिल बापाने भरलं तरी.

‘रिफंड केला’ या उत्तरावर विसंबू नये. एआरएन हा २३ आकडी क्रमांक असतो. तो दिला की बँक पैसे कुठे अडकलेत ते शोधू शकते. बिलाची अंतिम तारीख रिफंडच्या आधी येत असेल तर पूर्ण बिल भरून टाकावं, नाहीतर पंधराशे रुपयांपायी व्याज लागतं. क्लिनिक दाद देत नसेल तर बँकेत डिस्प्यूट, म्हणजे त्या व्यवहारावर हरकत, नोंदवावा, पण ‘दोनदा वजावट’ या प्रकारात, फसवणुकीत नव्हे. सोबत पावती जोडताना औषधांची आणि आजाराची नावं झाकावीत. बँकेला रकमेशी काम आहे. बँकेकडून ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

घरात कोणीच ‘हो’ म्हणालं नसतं तर क्रम उलटा झाला असता: आधी कार्ड बंद, मग बँकेत लेखी तक्रार, आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर फोन. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या, म्हणजे १४४१६ च्या नावाने कोणी पैसे मागितले तर विचारपूस करायचीही गरज नाही. ती सेवा मोफत आहे.

आमचा रिफंड सहाव्या कामकाजी दिवशी जमा झाला, त्याच तुटक्या नावाने. पुढची सेशन्स त्या व्यक्तीने स्वतःच्या खात्यातून यूपीआयने भरायची असं ठरलं, म्हणजे ती ओळ माझ्या स्टेटमेंटवर येणार नाही.