तुम्ही विचारलेत म्हणून: जाहिरात फोटोची करावी की व्हिडिओची?

हिंगणघाट, समुद्रपूर आणि आसपासच्या तालुक्यांतील लहान दुकानदार, रोपवाटिका आणि बचतगट यांच्या जाहिराती फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर लावून देण्याचे काम मी करतो. या कामानिमित्त कुठेही गेलो तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, फोटो टाकाचा का व्हिडिओ?" अलीकडे त्याला "का सरळ रीलच बनवाची?" अशी पुस्तीही जोडली जाते. विचारणाऱ्याला एका शब्दाचे उत्तर हवे असते आणि ते देता येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझे म्हणणे असे की, वस्तू घेण्याआधी गिऱ्हाइकाच्या मनात जी शंका उभी राहते, ती काय दाखवल्याने फिटेल हे आधी पाहावे आणि त्यावरून जाहिरातीचे रूप ठरवावे. २०१६ मध्ये जिओ आल्यावर खेड्यापाड्यात इंटरनेट स्वस्त झाले, आणि २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आल्यानंतर लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केली. तेव्हापासून कोणताही माल असो, रीलच हवी, असा आग्रह वाढत गेला. रीलला माझा विरोध नाही, कारण काही मालाला तिच्यावाचून गत्यंतर नसते. पण काही मालाचे तिने नुकसानही होते.

सोयाबीन आणि कपाशी लावण्यासाठी हाताने ढकलण्याचे, चोचींनी मातीत दाणे सोडणारे टोकण यंत्र आता आपल्याकडे बऱ्याच दुकानांत विकायला असते. त्याची पहिली जाहिरात बहुधा सगळीकडे सारखीच असते: कंपनीकडून आलेला, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा यंत्राचा फोटो, कोपऱ्यात दुकानाचे नाव आणि खाली किंमत. तो फोटो पाहून दुकानात आलेला शेतकरी काय विचारतो, ते काउंटरपाशी उभे राहून ऐकावे. "आमच्या काळ्या मातीत याच्या चोची गच्च होत नाही काय?" "एका जागी किती दाणे पडते?" "बाईमाणसाले ढकलता येते का?" या तिन्ही शंका यंत्र चालताना दिसल्याशिवाय फिटणाऱ्या नाहीत, आणि म्हणून येथे व्हिडिओ हवाच.

अशा एका यंत्राचे चित्रण करताना आम्ही ते मुद्दाम पावसानंतरच्या ओल्या वावरात नेले. पहिल्याच दृश्यात चोच मातीत शिरते आणि वर येते. तिला चिकटलेली काळी माती आम्ही तशीच दिसू दिली आणि ती काडीने कशी काढायची हेही दाखवले. त्यानंतर बोटांनी माती बाजूला सारून खाली पडलेले दाणे कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आणले. यंत्र ढकलत होत्या त्या दुकानदाराच्या काकू, ज्यांचा निम्मा जन्म निंदण-खुरपणात गेला आहे. पार्श्वसंगीत घातले नाही, चाकाचा खडखडाट तेवढा ठेवला, आणि दुकानाचे नाव सुरुवातीला न देता शेवटी दिले. पाहणाऱ्याचा अंगठा पहिल्या दोन-तीन सेकंदांत पुढे सरकतो; तो वेळ नाव आणि बोधचिन्हावर घालवला तर चोच मातीत शिरताना कोणी पाहतच नाही. माती चिकटते हे दाखवू नये, असा दुकानदाराचा आग्रह होता. मी तो मानला नाही, कारण ज्याची शंका नेमकी मातीविषयीच आहे, त्याला कोरडे स्वच्छ यंत्र दाखवले तर त्याची शंका उलट घट्ट होते.

व्हिडिओ करायचा ठरला की दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. फेसबुकच्या फीडमध्ये व्हिडिओ बहुधा आवाजाविना सुरू होतो, म्हणून बोललेले सगळे मराठीत पडद्यावर लिहिलेले असावे. रीलसाठी चित्र उभे, म्हणजे ९:१६ या प्रमाणात घ्यावे लागते, आणि त्याच्या खालच्या साधारण एक तृतीयांश भागावर खात्याचे नाव, मजकूर आणि बटण येऊन बसते. किंमत नेमकी तिथेच लिहिली तर ती झाकली जाते. ही चूक पैसे घेऊन काम करणारेही करतात आणि मला तिचा फार त्रास होतो, कारण दुकानदाराने किंमत सांगण्यासाठीच पैसे मोजलेले असतात.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. वरुड-मोर्शीकडील संत्र्याच्या रोपवाटिकांची कलमे दुरून येऊन घेऊन जाणारे शेतकरी असतात. जाणता शेतकरी कलम हातात घेतो तेव्हा प्रथम डोळा, म्हणजे संत्र्याची कळी, खुंटावर (खालच्या मूळ झाडावर) कुठे भरला आहे ते पाहतो. डोळा जमिनीच्या फार जवळ असेल तर ओल्या मातीचा संपर्क होऊन डिंक्या रोग लागण्याची भीती वाढते, हे त्याला ठाऊक असते. खुंट जंबेरीचा आहे की रंगपूर लाईमचा, हा त्याचा दुसरा प्रश्न. रोपवाटिकेची रील मात्र कशी असते? हिरव्यागार वाफ्यांवरून ड्रोन फिरतो, मागे गाणे वाजते आणि वीस सेकंदांत सगळे संपते. दिसायला ती देखणी असते, पण ज्या जागी शेतकऱ्याची नजर थांबायला हवी, त्या जागेवरून कॅमेरा सरकून गेलेला असतो. अशा मालाला एक स्थिर फोटो हजार पटींनी बरा: एकच कलम, खुंटापाशी उभी धरलेली मोजपट्टी, डोळा भरल्याची जागा स्पष्ट, आणि बाजूला ठळक अक्षरांत खुंटाचे नाव. पाहणारा तो बोटांनी मोठा करतो, थांबून न्याहाळतो, शेजाऱ्याला दाखवतो. शिवाय वावरात जिथे नेटवर्क धड येत नाही, तिथे व्हिडिओचे चक्र फिरत राहते आणि फोटो तेवढा उघडतो.

बी-बियाण्याच्या दुकानाला तर बहुतेक वेळा फोटोही साधाच पुरतो. वाण शेतकऱ्याच्या ओळखीचा असतो, त्याला फक्त माल आला का आणि भाव काय एवढे कळायला हवे असते.

कापडाच्या दुकानांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तुळशीचे लग्न आटोपून लगीनसराई सुरू झाली की साडी घेणारी बाई एक साडी पाहून ठरवत नाही. तिला काठ, पदर, रंग आणि भाव शेजारी शेजारी ठेवून पाहायचे असतात. दुकानात ती गादीवर बसून तेच करते. तिच्यासाठी कॅरोसेल योग्य, म्हणजे बोटाने सरकवत पाहायच्या कार्डांची जाहिरात. तीत दोनपासून दहापर्यंत कार्डे ठेवता येतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र मथळा देता येतो. त्या मथळ्यात "आकर्षक साडी" लिहिण्यापेक्षा भाव लिहावा. एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो: जास्त चालणारे कार्ड आपोआप पुढे आणण्याची सोय या जाहिरातीत असते. साड्यांसाठी ती चालू राहू द्यावी. पण एकाच साडीचा आधी काठ, मग पदर, मग नेसलेली साडी असा क्रम लावला असेल तर ती बंद करावी, नाहीतर क्रमाचा पार विचका होतो.

चौकातल्या फ्लेक्सचेच डिझाइन जाहिरातीसाठी पाठवण्याची पद्धत सोडावी, असे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो. फ्लेक्स दहा फूट रुंद असतो, म्हणून त्यावर मालकाचे वडील, दोन नेते, शुभेच्छुक आणि सतरा ओळींचा मजकूर बसतो. तोच तळहाताएवढ्या पडद्यावर आला की एकही ओळ वाचता येत नाही. चित्रात वीस टक्क्यांहून अधिक मजकूर नको, असा फेसबुकचा दंडक होता, तो २०२० मध्ये गेला. पण आजही मी एका फोटोवर माल, भाव आणि गाव याहून जास्त काही लिहू देत नाही.

यापुढचा प्रश्न बटणाचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांची वेबसाइट नसते आणि तिची गरजही नसते. जाहिरातीखालचे बटण दाबले की थेट दुकानाचे व्हॉट्सॲप उघडेल अशी जाहिरात लावता येते, आणि ती येथे चांगली लागू पडते, कारण उरलेली शंका माणूस आपल्या बोलीत व्हॉइस मेसेज करून विचारतो. तिथे उत्तर द्यायला संध्याकाळी कोणीतरी बसलेले असावे. शेतकरी दिवसभर वावरात असतो. तो मोबाइल हातात घेतो ते दिवेलागणीनंतर, आणि तोवर दुकानाचे शटर खाली आलेले असते.

शंका कोणती हेच नीट कळत नसेल, तर दोन रूपे करून पाहावीत: तोच माल, तोच भाव, तीच गावे, फक्त एकात फोटो आणि दुसऱ्यात व्हिडिओ. दोनांपलीकडे जाऊ नये. जाहिरातीचा प्रत्येक संच आठवड्यात साधारण ५० परिणाम (म्हणजे आपण मागितलेली कृती, जसे व्हॉट्सॲपवरची विचारणा) मिळवत नाही तोवर फेसबुकची यंत्रणा गिऱ्हाईक ओळखायला शिकतच असते; लहान दुकानाचे थोडे पैसे पाच जागी वाटले तर कुठलाच संच तिथवर पोहोचत नाही. निकाल लाइकवरून लावू नये. रीलला शेकडो लाइक मिळतात, ती पुण्या-मुंबईचे भाचे-पुतणेही कौतुकाने देतात. दुकानापासून किती किलोमीटरच्या परिघात जाहिरात दाखवायची ते ठरवून द्यावे आणि व्हॉट्सॲपवर भाव विचारणारे किती आले, त्यांतले दुकानात किती आले, हे वहीत लिहावे.

शेवटी वेळेविषयी, कारण सगळ्यात जास्त अडचण तिथे येते. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून हळदपूड विकणारे बचतगट अधिक उत्साहाने जाहिरातीकडे वळले. पूड घेणाऱ्याची शंका एकच असते: यात भेसळ तर नाही ना? तिला उत्तर द्यायला हळद उकडताना, उन्हात वाळताना, वाळलेले हळकुंड खटकन मोडून आतला गडद केशरी रंग उजेडात धरताना दाखवायला हवे. हे सगळे उन्हाळ्याच्या तोंडाशी घडते, आणि ताया मला फोन करतात दिवाळीच्या आधी, जेव्हा हाताशी फक्त बंद पाकिटे उरलेली असतात. टोकण यंत्राचेही तसेच. ते ओल्या मातीत चालताना पेरणीच्या दिवसांतच टिपता येते. म्हणून ज्या ताईंनी या आठवड्यात विचारले, त्यांना मी सांगितले की यंदाच्या दिवाळीला पाकिटाचा साधा फोटो आणि भाव एवढीच जाहिरात लावू, आणि हळद उकडायला घ्याल त्याच्या आदल्या दिवशी मला कळवा. मी सकाळी चूल पेटायच्या आत येतो.